एक वर्ष मुलीच्या नावावर

(वडवणी येथे बारावी झालेल्या मुली, त्यांच्या आया आणि महिला गटांतल्या कार्यकर्त्या यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)

मैत्रिणींनो, नीटचा निकाल घेऊन आलेल्या पोरींनो, आणि त्यांच्यासोबत आलेल्या मावश्यांनो,

आजचा विषय तुम्हीच सुचवलेला आहे. सरकारी कॉलेजला नंबर लागेल एवढे मार्क पडले नाहीत. मग आणखी एक वर्ष अभ्यास करून परत परीक्षा द्यायची, म्हणजे सगळे म्हणतात तसं 'रिपीट' करायचं, की किर्गिझस्तान, रशिया, जॉर्जिया, फिलिपाइन्स अशा कुठल्या तरी देशात एम.बी.बी.एस.ला जायचं? आपल्या आजीच्या पिढीला हा प्रश्न पडलाच नव्हता. तिच्यापुढे सातवीनंतर शाळा की लग्न एवढाच प्रश्न होता, आणि त्याचंही उत्तर तिला कुणी विचारलं नव्हतं. आज आपल्या पोरी हा नवा प्रश्न विचारताहेत याचा मला आनंद आहे, हे आधी सांगते.

कुणी म्हणेल, हे करिअर मार्गदर्शन झालं, महिला संघटनेनं यात कशाला पडायचं? मी समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलं आणि गेली काही वर्षं सल्ला केंद्राचं काम करते. वर्षभर आमच्याकडे मारहाण, पोटगी, नांदवत नाहीत अशा केसेस असतात. पण जून-जुलैत काही आया मुलीचं गुणपत्रक घेऊन येतात. त्यांचं बोलणं मी ऐकते तेव्हा एक गोष्ट ठळकपणे दिसते. मुलाचे मार्क कमी पडले की घरात चर्चा होते ती कुठला देश आणि किती पैसे याची. मुलीचे कमी पडले की म्हणतात, "एक वर्ष बघू, नाही जमलं तर उजवून टाकू." दोघांचे मार्क तेवढेच असले तरी चर्चा वेगळी होते. म्हणून हा प्रश्न आपल्या संघटनेचा आहे.

आपल्या बीड जिल्ह्याचं चित्र आपल्याला माहीत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायकांमागे चाळीसहून जास्त जणींचं लग्न अठरा वर्षं पूर्ण होण्याआधीच झालेलं होतं. बारावी सायन्स करून नीटला बसलेली मुलगी म्हणजे या गाळणीतून निसटून आलेली मुलगी. तिनं आधीच खूप काही केलेलं आहे. आणि तिच्यापुढचं धोक्याचं वर्ष कुठलं, तर हे रिपीटचं. कॉलेजात नाव नाही, घरातच पुस्तकं घेऊन बसलेली, वय अठरा पूर्ण. कायदाही आता आड येत नाही. दिवाळीनंतर आई-बाप कोयता घेऊन कारखान्यावर निघाले की तरणी पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा घोर सुरू होतो. त्यात एखादं स्थळ चालून येतं. बरी जागा, हुंडा कमी. तिचं वर्ष तिथं संपतं.

म्हणून मी म्हणते, रिपीट की परदेश हे ठरवण्याआधी घरात दुसरं एक ठरवून घ्या. पुढचं वर्ष कुणाच्या नावावर? मुलीच्या नावावर असेल तर त्या वर्षात स्थळ बघायचं नाही, पाहुणे बोलवायचे नाहीत, "नुसतं बघून जातील" हेही नाही. एवढं ठरलं तर बाकीचं गणित मांडता येतं.

आता ते गणित मांडू या.

पहिली गोष्ट, नीट 'पास' होणं म्हणजे काय. २०२५ च्या नीटला देशभरातून २२ लाखांवर मुलं-मुली बसली आणि १२ लाखांवर पात्र ठरली. एम.बी.बी.एस.च्या जागा मात्र, सरकारी आणि खासगी सगळ्या धरून, सव्वा लाखाच्या आसपास. त्या वर्षी खुल्या प्रवर्गात पात्र ठरायला ७२० पैकी १४४ मार्क पुरेसे होते. म्हणजे पात्र होणं आणि जागा मिळणं यांत फार मोठं अंतर आहे. एजंट घरी येऊन सांगतो, "मुलगी नीट पास आहे, फक्त जागा कमी पडतात." ते अर्धंच खरं असतं.

दुसरी गोष्ट, मार्कांवर जाऊ नका, रँक बघा. २०२४ ला पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते. वाद झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि सुधारित निकालात ही संख्या १७ झाली. २०२५ ला पेपर अवघड निघाला आणि देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ मिळाले. एका वर्षी जेवढ्या मार्कांना काहीच मिळत नाही तेवढ्याच मार्कांना दुसऱ्या वर्षी सरकारी जागा मिळू शकते. सीईटी सेलच्या मागच्या याद्यांत आपल्या प्रवर्गातल्या शेवटच्या मुलीची रँक काय होती ती काढा आणि आपली तिच्यापासून किती लांब आहे ते बघा. २०२० मध्ये राज्यातला ७०-३० चा विभागीय कोटा रद्द झाला. मराठवाड्यात कॉलेजं कमी म्हणून आपल्या मुलांना त्याचा तोटा व्हायचा. आता राज्याच्या कोट्यासाठी एकच यादी असते, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या कॉलेजातली जागाही आपल्या आवाक्यातली धरायची.

तिसरी गोष्ट मावश्यांसाठी. "हिला जमत नाही" असं म्हणण्याआधी हिला अभ्यासाला किती तास मिळाले ते मोजा. आई फडावर गेल्यावर धाकट्यांचा स्वयंपाक कुणी केला? म्हातारीचं दुखणं कुणी काढलं? लातूरला क्लासला कोण गेलं, भाऊ की ही? मला एक मुलगी भेटली, तिनं सहा महिने घर सांभाळून परीक्षा दिली होती. तिचे मार्क तिच्या बुद्धीचे नव्हते, तिला मिळालेल्या वेळाचे होते. अशा मुलीला एक पूर्ण वर्ष दिलं तर फरक पडायची चांगली शक्यता असते. उलट जिला क्लास, हॉस्टेल, वेळ सगळं मिळूनही दोनदा रँक फारशी हलली नाही, तिला तिसऱ्यांदा त्याच रहाटाला जुंपणं हाही अन्यायच आहे.

आणि एक दिलासा. नीट किती वेळा द्यावी याला मर्यादा नाही. वयाची वरची अट २०२२ मध्ये काढून टाकलेली आहे. लग्न झालेली, लेकरू असलेली बाईसुद्धा बसू शकते. "आत्ता नाही तर कधीच नाही" हे वाक्य नियमात कुठेही लिहिलेलं नाही.

आता परदेशाकडे येऊ.

परदेशात एम.बी.बी.एस. करून भारतात डॉक्टरकी करायची तर जाण्याआधी नीट पात्र असावीच लागते. पण नीटचा तो निकाल परदेशी प्रवेशासाठी तीन वर्षं चालतो. भारतातल्या प्रवेशाला मात्र त्याच वर्षीचा निकाल लागतो. हा नियम आजच्या सगळ्या बोलण्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. यंदा पात्र ठरलेली मुलगी एक वर्ष रिपीट करू शकते आणि नाहीच जमलं तर याच निकालावर पुढच्या वर्षी परदेशी जाऊ शकते. म्हणजे "आठ दिवसांत बुकिंग भरा, नाहीतर संधी गेली" ही घाई एजंटाची आहे, तुमची नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नियम नोव्हेंबर २०२१ पासून असे आहेत: अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून. त्याच संस्थेत वर १२ महिन्यांची इंटर्नशिप. मधेच कॉलेज बदलता येत नाही. सगळं मिळून दहा वर्षांच्या आत पूर्ण. आणि ज्या देशात शिकली त्या देशात तिथल्या डॉक्टरांसारखाच व्यवसाय करायला ती पदवी पात्र असली पाहिजे. यातली एक अट चुकली तरी इथे नोंदणी अडते. परत आल्यावर एफ.एम.जी.ई. नावाची परीक्षा, ३०० मार्कांची, १५० ला पास. त्यानंतर इथे पुन्हा वर्षभर इंटर्नशिप. म्हणजे अठराव्या वर्षी निघालेली मुलगी सगळं वेळेवर झालं तर पंचवीस-सव्विसाव्या वर्षी डॉक्टर म्हणून उभी राहते.

आणि ही परीक्षा सोपी नाही. गेल्या काही वर्षांत बसणाऱ्या पाचांत एक, फार तर चारांत एक एवढेच पास होत आले आहेत. याचं कारण तिकडे गेलेली मुलं ढ असतात असं नाही. वर्गात इंग्रजी असली तरी वॉर्डातला रोगी रशियन किंवा किर्गिझ बोलतो. त्याला दुखणं विचारता आलं नाही तर हात बसत नाही. शिवाय काही कॉलेजांत रोगीच कमी. मी ओळखते अशी एक मुलगी मध्य आशियात शिकून आली आणि तिसऱ्या प्रयत्नात ही परीक्षा पास झाली. ती सांगते, "ताई, तिकडच्या सहा वर्षांपेक्षा इथलं दीड वर्ष जड गेलं. रोज कुणीतरी विचारायचं, डॉक्टर झाली ना, मग दवाखाना कुठाय?" ती आज इंटर्नशिप करते आहे. तिच्याबद्दल मला अभिमान आहे. पण त्या दीड वर्षाचा खर्च आणि टोमणे कुठल्याच माहितीपत्रकात छापलेले नसतात.

पैशाचं बोलू. सहा वर्षांचे वीस ते तीस लाख सहज होतात, आणि फी बहुधा डॉलरमध्ये असते. रुपया घसरला की आपला हप्ता वाढतो, तिकडे काहीच न घडता. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज घ्यायचं तर बँक साधारणपणे तारण मागते, आणि शेतजमीन सहसा चालत नाही. मग रान विकायची भाषा सुरू होते. शेवटचं एकर विकून कुणालाही कुठंही पाठवू नका, मुलगा असो की मुलगी. पण मुलीच्या वेळी मात्र "तिच्यासाठी रान कशाला मोडायचं" असं म्हणत असाल तर कायदा ऐका. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्रानं मुलींना १९९४ मध्येच बरोबरीचा वाटा दिला आणि २००५ पासून तो देशभर लागू झाला. शिक्षणावर खर्च होतो तो तिच्या वाट्यातला आहे, उपकार नव्हे. आणि हुंड्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम घरात असेल तर ती आधी या हिशेबात धरा.

दुसऱ्या बाजूला, जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. प्रवेश शासनाच्या प्रवेश प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोटा आणि अभिमत विद्यापीठं यात नाहीत. इतर प्रवर्गांच्या आपापल्या योजना आहेत. म्हणजे राज्यात जागा मिळवणाऱ्या मुलीचं शिक्षण आज तिच्या भावापेक्षा स्वस्त पडू शकतं. लातूरला वर्षभर क्लास आणि मेस मिळून लाख-दोन लाख जातील. ते परदेशातल्या तीस लाखांच्या शेजारी मांडून बघा.

एजंटाबद्दल एक सांगते, तुम्हाला लगेच कळेल. मुकादम उचल देतो आणि आपल्याला बांधून घेतो. हा उचल घेतो आणि तरी आपल्यालाच बांधून घेतो. मुकादमाशी करार करताना आपण आता लेखी मागायला शिकलो. इथेही तेच. पावती कुणाच्या नावाची, पैसे कॉलेजच्या खात्यात जातात की याच्या, प्रवेश नाही झाला तर परत किती, सगळं कागदावर. मुलीची मूळ कागदपत्रं आणि पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात ठेवू नका. आणि त्याच कॉलेजातून शिकून, इथली परीक्षा पास झालेल्या दोन मुलींशी बोलल्याशिवाय एक रुपया देऊ नका. मुलींशीच बोला, कारण हॉस्टेल कसं आहे, रात्री परत येता येतं का, आजारी पडलं तर कोण बघतं, हे त्याच सांगतील. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा हजारो भारतीय विद्यार्थ्यांना तळघरांतून आणि सीमांवरून परत आणावं लागलं. मे २०२४ मध्ये किर्गिझस्तानच्या बिश्केकमध्ये जमावानं परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलांवर हल्ले केले. घाबरवायला सांगत नाही. घराबाहेर संकट येतं तसं घरातही येतं, हे सल्ला केंद्रात बसणारीला कुणी सांगायला नको. पण माहीत असून जाणं आणि अंधारात जाणं यात फरक आहे.

पोरींनो, डॉक्टर व्हायला समुद्र ओलांडणं मराठी बाईला नवं नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या. निघण्याआधी श्रीरामपूरच्या कॉलेजात, म्हणजे बंगालमधल्या, उभं राहून त्यांनी आपण का जातो हे लोकांना स्वतः सांगितलं. १८८६ ला फिलाडेल्फियाच्या बायकांच्या वैद्यक महाविद्यालयातून एम.डी. झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, बावीस वर्षं पुरी होण्याआधी, क्षयानं गेल्या. त्यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. रखमाबाईंची कमी जणींना ठाऊक असते. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या या मुलीनं नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. खटला चालला. १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या तुरुंग पत्करायला तयार होत्या. १८८८ मध्ये तडजोड झाली आणि पुढच्या वर्षी त्या लंडनला वैद्यक शिकायला गेल्या. त्यांना मदत करणाऱ्या, मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉक्टर एडिथ पीची यांना स्वतःच्या देशात एडिंबरा विद्यापीठानं पदवी नाकारली होती. त्यांनी ती १८७७ मध्ये स्वित्झर्लंडला बर्नमध्ये जाऊन मिळवली. रखमाबाई १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, परत आल्या आणि सुरत, राजकोट इथं तीसहून जास्त वर्षं बायकांवर उपचार करत राहिल्या.

या बायका परदेशी गेल्या कारण इथलं किंवा त्यांच्या देशातलं दार बंद होतं. आणि रखमाबाईंनी आधी काय केलं ते बघा. आधी त्यांनी आपलं आयुष्य आपल्या ताब्यात घेतलं, मग बोटीत बसल्या. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. नुसतं परदेशी पाठवल्यानं मुलगी मोकळी होत नाही. "एवढे लाख लावलेत तुझ्यावर" म्हणून परत आल्यावर जास्त हुंडा देऊन डॉक्टर जावई शोधणारी घरंही मी पाहिली आहेत.

आपल्याला डॉक्टरबाई हवी कशाला, हेही विसरू नका. २०१९ मध्ये शासनाच्या समितीसाठी जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांत १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली, कित्येक जणी ऐन तरुण वयातल्या. अंगावरून जातं म्हटलं की पिशवी काढा, खाडा नको, असं सांगणारे भेटले. "थांब बाई, आधी तपासू" म्हणणारं कुणी भेटलं नाही. ते म्हणायला आपल्यातली, फड माहीत असलेली बाई हवी. ती अंबाजोगाईत शिकली की बिश्केकला, रोग्याला त्यानं फरक पडत नाही. आणि ती एम.बी.बी.एस.च असली पाहिजे असंही नाही. बी.ए.एम.एस., नर्सिंग, फिजिओथेरपी हे पराभव नाहीत. फक्त "मुलीला एवढं पुरे" म्हणून ते गळ्यात बांधू नका. तिनं निवडलं तर मानाचं आहे.

मग माझं मत काय, असं तुम्ही विचाराल. ज्या मुलीला पहिल्या खेपेला पुरता वेळच मिळाला नाही आणि जिची रँक आवाक्यात आहे, तिनं एक वर्ष नीट रिपीट करावं, घराबाहेर राहून केलं तर उत्तम. जिचा परदेशाचा निर्णय स्वतःचा आहे, घराला शेवटचं रान न मोडता सात-आठ वर्षं झेपणार आहेत आणि जी त्या परीक्षेची तयारी पहिल्या वर्षापासून करणार आहे, तिनं खुशाल जावं. या दोन्हींत न बसणाऱ्या मुलीनं तिसरी वाट शोधावी, तिला आम्ही साथ देऊ.

कार्यकर्त्या मैत्रिणींना मात्र काम सांगून जाते. आपल्या गावात यंदा रिपीट करणाऱ्या मुली किती, याची यादी पुढच्या बैठकीला आणा. त्यांच्या घरी महिन्यातून एकदा तरी जा, आणि स्थळाची कुजबुज ऐकू आली तर त्याच आठवड्यात जा. आई-बाप ऊसतोडीला जाणार असतील तर मुलीची राहायची सोय दिवाळीआधी लावा: हॉस्टेल, मावशी, नाहीतर आपल्यापैकी कुणाचं घर. फी माफीची कागदपत्रं, म्हणजे उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, आत्ताच काढून ठेवा. प्रवेशाच्या आठवड्यात तहसीलची रांग कुणासाठी थांबत नाही. एजंटाचा कागद कुणाच्या हातात पडला तर सही करण्याआधी केंद्रात आणा, आपण मिळून वाचू.

आणि पोरींनो, आज रात्री घरी गेल्यावर एक कागद घ्या. एका बाजूला रिपीट, दुसऱ्या बाजूला परदेश, खाली तिसरी वाट. प्रत्येकापुढे पैसे, वर्षं आणि धोके लिहा. शेवटी तुम्हाला काय हवंय ते लिहा, ते कुणाला विचारून लिहू नका. मग तो कागद घरच्यांसमोर ठेवा. एकट्यानं ठेवायची भीती वाटली तर आम्हाला निरोप द्या, आम्ही शेजारी येऊन बसू.